पूर्ण एक मिनिट

तिनं ओलं फडकं पिळून नव्या पेशंटच्या कानामागून फिरवलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की हे कान आपल्या ओळखीचे आहेत.

सुपाएवढे कान. असे कान दुसऱ्या कुणाचे असणं शक्य नव्हतं. संध्याकाळच्या वर्गात सगळे त्यांना आपसात ‘सुपकाने सर’ म्हणायचे. फळ्याकडे तोंड असलं तरी मागच्या बाकावरची कुजबुज त्यांना ऐकू जायची, त्यामुळे हे नाव चांगलंच चिकटलं होतं. तिनं समोर येऊन चेहरा पाहिला. उजवी बाजू ओघळलेली, ओठाचा कोपरा खाली गेलेला, गालावर पांढरे खुंट. आठवड्यापूर्वी हेच तोंड सगळ्यांदेखत तिला म्हणालं होतं, “गुणाकार करायला तुला इथं बोलावलेलं नाही.”

“सर,” ती वाकून म्हणाली. “मी. तुमच्या शरीरशास्त्राच्या वर्गातली. तिसऱ्या बाकावरची.”

डावा डोळा हळूच तिच्याकडे वळला आणि तिथंच राहिला. ओळख पटली की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिनं पाठ पुसली, चादर बदलली, त्यांना कुशीवर वळवलं, निकामी झालेल्या उजव्या हाताखाली उशी सरकवली. तो हात ओल्या वाळूच्या पिशवीसारखा जड होता. बारा वर्षं ती या वॉर्डात आया होती. वय चौतीस, पण पंधरा वर्षांच्या पोरीपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांची ती मावशीच.

बादली घेऊन ती धुण्याच्या खोलीत आली. पाणी ओतताना पहिल्यांदा तिच्या मनात ती प्रयोगांची वही आली, आणि लगोलग लाजही वाटली. माणूस अर्धांगानं आडवा झालाय आणि आपल्याला काय सुचतंय!

पण वहीचं प्रकरण साधं नव्हतं. नर्सिंग स्कूलला वयाची अट होती, पस्तीस. तिला पस्तिसावं सरायला दोन महिने उरले होते. रसायनशास्त्र दुसऱ्या खेपेला कसंबसं सुटलं होतं. शरीरशास्त्राची लेखी परीक्षा झाली होती, प्रात्यक्षिकं चालू होती. विषय पुरा झाल्याशिवाय अर्ज करायचा नाही, असं तिनं ठरवलंच होतं. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांनी ते ऐकून घेतलं नाही.

“पुढच्या वर्षी तुला कोण विचारणार आहे? आता टाक अर्ज. विषय मागाहून होईल.”

“आणि नाही झाला तर?”

“पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतं का कुणाला?”

मोठ्या सिस्टरांनीच फॉर्म आणून दिला. ‘विषय पूर्ण’ आणि ‘विषय चालू’ असे दोन चौकोन होते. तिनं दुसऱ्यावर खूण केली आणि खाली हमी लिहून दिली की शिक्षकांच्या सहीचा दाखला अमुक तारखेच्या शुक्रवारी पाचच्या आत वर्गाच्या ऑफिसातून धाडीन. घरी सासूबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, “बाजारात तुरी!” पुढची म्हण त्यांनी गिळली, पण हसल्या.

जागा मिळाली. दाखला पोचला तर. वीस प्रयोगांपैकी एकोणीस सह्या झाल्या होत्या. विसावा होता नाडीचा. बारा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला नाडी काय अवघड? सिस्टर लोक करतात तसं तिनं पंधरा सेकंद मोजलं, चारानं गुणलं आणि शेजारच्या मुलीच्या नावापुढे शहात्तर लिहून मोकळी झाली. सरांनी त्याच मुलीचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर गप्प उभे राहिले, आणि लाल शाईनं लिहिलं, ‘पुन्हा’.

“उरलेली पंचेचाळीस सेकंदं कोण मोजणार? मी?” वर्ग खदखदून हसला होता.

आता तो शुक्रवार परवावर आला होता.

ड्युटी संपल्यावर ती तशीच वर्गाच्या ऑफिसात गेली. दाखल्यावर शिक्का तिथंच मारायचा आणि तिथूनच तो नर्सिंग स्कूलकडे जायचा. खिडकीमागच्या क्लार्कबाईंना सरांचं कळलं होतं. त्यांचे डोळे लाल होते.

“दुसऱ्या कुणाची सही चालणार नाही का?” तिनं विचारलं.

“एकोणीस प्रयोग घेतले एकानं आणि सही करायची दुसऱ्यानं? कोण करेल, तूच सांग.” मग त्या जरा पुढे वाकल्या. “तू त्याच वॉर्डात आहेस ना? शुद्धीवर आहेत?”

“आहेत. बोलता येत नाही. उजवी बाजू गेलीय.”

“डावा हात चालतो?”

“चालतो वाटतं.”

“मग डाव्या हातानं करू देत. वेडीवाकडी असली तरी सही ती सही. फक्त त्यांनी स्वतः केलेली पाहिजे, हात धरून नाही. शुक्रवारी पाचला मी टपाल बांधते.”

घरी सासूबाई पलंगावर पाय लांब करून वाट बघत होत्या. त्यांचे गुडघे गेले होते. नवरा ट्रकवर, पंधरा दिवसांनी एकदा उगवायचा, त्यामुळे घरात या दोघीच. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, तरी रोज वही मांडीवर उलटी धरून त्या तिची उजळणी घ्यायच्या. दोन वर्षं ऐकून ऐकून त्यांचं सगळं पाठ झालं होतं.

“पित्ताशय कुठं?”

“यकृताखाली.”

“कुठल्या बाजूला?”

“आत्या, आज राहू द्या.” तिनं पिशवी खाली ठेवली आणि सरांचं सांगितलं.

सासूबाईंनी वही मिटली. मग त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

“बरे होतील?”

“माहीत नाही. वय झालंय.”

“मग आधी सही घे.” आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. “असं बोलू नये माणसानं.” थोड्या वेळानं, भिंतीकडे बघत, त्या पुन्हा म्हणाल्या, “पण घे.”

मग त्यांनी आपला हात पुढे केला. तिनं घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर त्यांची नाडी मोजली. ब्याऐंशी. लाल ‘पुन्हा’च्या खाली तिनं तारीख घातली आणि आकडा लिहिला.

गुरुवारी सकाळी वॉर्डात उसंत मिळाली नाही. भेटायची वेळ संपली, जेवणाची ताटं उचलून झाली, पेशंट पेंगुळले. तीनच्या सुमाराला वॉर्ड कधी नव्हे तो शांत झाला. लांब टोकाला टेबलापाशी ड्युटीवरची धाकटी सिस्टर पाठमोरी बसून गोळ्या वाट्यांमध्ये टाकत होती. हिनं एप्रनखालून वही आणि पेन काढलं आणि सरांच्या पलंगाशी गेली.

सर जागे होते. तिनं उशी उंच करून दिली. पलंगाच्या पायाशी लावलेल्या तक्त्यावर दुपारी बाराची नोंद होती, नाडी चौऱ्याऐंशी.

“सर, उद्या शेवटची तारीख आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “नाहीतर मी असं विचारलं नसतं. विसावा प्रयोग मी पुन्हा केलाय. सासूबाईंची मोजली. पूर्ण मिनिट. खरंच.”

तिनं वही त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. सरांनी लाल अक्षरं पाहिली. ब्याऐंशीकडे पाहिलं की नाही कोण जाणे, चष्मा नव्हताच. मग त्यांनी डावा हात चादरीवरून हळूहळू सरकवला आणि उलटा केला. मनगट वर.

तिला समजायला क्षणभर लागला. मग हसूच आलं. या अवस्थेतसुद्धा! तिनं वही-पेन पलंगावर ठेवलं, तीन बोटं मनगटावर टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून तीन मिनिटं. सेकंदकाटा बारावर आला आणि तिनं मोजायला सुरुवात केली.

पंधरा सेकंदांत बावीस ठोके पडले. एकसारखे, भरलेले. गुणाकार केला असता तर अठ्ठ्याऐंशी लिहून मोकळी झाली असती. विसाव्या सेकंदाला एक ठोका आलाच नाही. तिला वाटलं, आपलं बोट सरकलं. मग तीन एकदम आले, एकमेकांना ढकलत. मग पुन्हा रिकामं. मग नुसती घाई, जिना उतरताना कुणी अडखळत पळावं तशी. तिनं बोटं घट्ट केली नाहीत, सैलही सोडली नाहीत, शिकवलं होतं तशीच ठेवली आणि सापडेल तो ठोका मोजत राहिली. काटा फिरून बारावर आला. एकशे चौदा. म्हणजे हाताला लागले तेवढे.

तिनं वर पाहिलं. सर तिच्याकडेच बघत होते. परीक्षक बघतो तसे, वाट पाहत.

“एकशे चौदा,” ती म्हणाली. “अनियमित.”

डावा डोळा मिटला आणि उघडला. मग तोच हात वहीकडे गेला आणि बोटं पेन शोधू लागली.

धाकटी सिस्टर अकरा पावलांवर होती. हाक मारली असती तरी पुरे होतं, पाऊलही टाकावं लागलं नसतं. सरांच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले होते. ओठांचा रंग सकाळसारखा नव्हता. हे सगळं तिला दिसत होतं आणि त्याचा अर्थही कळत होता. तिनं पेन उचललं.

ब्याऐंशी खोडून तिनं घाईघाईनं खरा आकडा लिहिला, पेन त्यांच्या बोटांत दिलं आणि वही हाताखाली धरली. सर सही करू लागले. नाव लांब होतं. डाव्या हाताला वळण नव्हतं, पेन दोनदा घसरलं, एकदा कागदाच्या बाहेर चादरीवर रेघ गेली. त्यांनी पुन्हा कागद गाठला आणि नाव पुरं केलं. मग हात खाली पडला. श्वास तोंडानं चालला होता.

आता हाक मारायची.

पण दाखला वहीच्या शेवटच्या पानावर होता. नुसती प्रयोगाची सही कुणी विचारात घेणार नव्हतं. पान तिनं उलटलं. सरांनी नाही, तिनं. वही पुन्हा त्यांच्या हाताखाली सरकवली आणि पेनचं टोक रेघेवर आणून ठेवलं.

“अजून एकच, सर.”

हात उठला. अर्ध्या नावावर थांबला. तिनं कोपराखाली आपला तळवा दिला. हाताला स्पर्श होऊ दिला नाही, फक्त कोपराला. सही त्यांची स्वतःची असायला हवी होती, याची तिनं नीट काळजी घेतली. उरलेलं अर्धं नाव उतरलं, शेवटचं अक्षर रेघेखाली लोंबलं, आणि पेन गळून पडलं.

तिनं वही मिटून एप्रनखाली खोचली, आणि मग ओरडली, “सिस्टर!”

त्यानंतर जे व्हायचं ते भराभर झालं. धाकटी सिस्टर धावत आली, डॉक्टर आले, पडदा ओढला गेला, ऑक्सिजनचं नळकांडं चाकांवरून खडखडत आलं. सरांना वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात हलवलं. स्ट्रेचरची पायाकडची बाजू तिनंच धरली होती. परत आली तेव्हा चादर बदलायची होती. शाईची रेघ असलेली चादर तिनं काढून धुण्यात टाकली.

चार वाजता मोठ्या सिस्टरांनी तिला टेबलापाशी बोलावलं. समोर रजिस्टर होतं.

“आयानं नाडी बघायची नसते, माहीत आहे ना? पण आज बघितलीस म्हणून कळलं.” त्यांनी पेन उघडलं. “किती वाजता लक्षात आलं?”

“तीन दहा,” ती म्हणाली.

“आणि हाक मारलीस?”

“लगेच.”

मोठ्या सिस्टरांनी लिहून घेतलं. मग मान वर करून पाहिलं आणि कधी करत नसत ते केलं, तिच्या दंडावर थोपटलं. “उगाच नाही तुला अर्ज टाकायला लावला मी.”

शुक्रवारी ती कामावर आली तेव्हा कळलं की सर पहाटे गेले.

सामान न्यायला त्यांची थोरली बहीण आली होती. काटकुळी, ताठ, आणि कान तसेच. रिकाम्या पलंगाशी उभी राहून ती एका पिशवीत वस्तू भरत होती. दाढीचं सामान, एक टॉवेल, चष्म्याचं घर.

“तुम्हीच का त्या?” तिनं विचारलं. “सिस्टर म्हणाल्या, तुम्ही ताबडतोब ओळखलंत. नाहीतर इथंच, कुणाला न कळता गेला असता. एक रात्र मला त्याच्या उशाशी बसता आलं.” तिनं दोन्ही हातांनी तिचा हात धरला. “देव तुमचं भलं करो.”

तिनं हात सोडवून पिशवीकडे नेला. चष्म्याचं घर पिशवीत नीट बसत नव्हतं, ते तिनं आडवं करून दिलं.

“हा चष्मा मी काल संध्याकाळी घेऊन आले. उशीरच झाला,” बहीण म्हणाली. “काल सकाळी तो बोटानं सारखा चादरीवर गिरवत होता. मला म्हणून काहीतरी लिहायचं होतं त्याला. मी म्हटलं, थांब रे, चष्मा आणते, वही आणते, मग सावकाश लिही.” ती थांबली. “नंतर तुम्ही होतात त्याच्याजवळ. तुम्हाला काही कळलं का? काही लिहायचा प्रयत्न केला का त्यानं?”

वॉर्डात कुणीतरी खोकत होतं. लांबून ताटांचा आवाज येत होता.

“नाही,” ती म्हणाली. “हातात जोर नव्हता.”

बहिणीनं मान हलवली, पिशवीचे बंद बांधले आणि भिंतीला धरून हळूहळू निघून गेली.

दुपारी ती मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

“तीन दहा नव्हते. तीन चार होते,” ती उभ्या उभ्याच म्हणाली. “सहा मिनिटं मी सही घेत होते.”

मोठ्या सिस्टर चहा पीत होत्या. त्यांनी कप बशीत ठेवला.

“रजिस्टर वर गेलंय.”

“परत मागवता येईल.”

“येईल. मग विचारतील, आया नाडी कशी बघत होती, सिस्टर काय करत होती, मोठ्या सिस्टर कुठं होत्या. त्या धाकट्या पोरीची नोकरी जाईल. तुझी जागा जाईल ती वेगळीच.”

“सहा मिनिटांनी फरक पडला असता का?”

“मला काय माहीत.”

“तुम्हाला माहीत असेल.”

मोठ्या सिस्टर उठल्या, खिडकीपाशी गेल्या. पडदा सरळच होता, तरी त्यांनी तो सारखा केला.

“माझेही असे तिघं आहेत,” त्या म्हणाल्या. “एक तर तुझ्यासमोर गेला, तुला कळलंही नाही. तिघांची नावं पाठ आहेत मला. विसरायचा प्रयत्न करू नकोस, होत नाही. आणि कुणाला सांगायचाही करू नकोस.” मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. “किती वाजलेत? चार? ऑफिस पाचला बंद होतं. जा.”

“सिस्टर...”

“जा म्हटलं ना.”

ऑफिसात तिच्यापुढे दोघं होते. तिची पाळी आली तेव्हा साडेचार होऊन गेले होते. क्लार्कबाईंनी वही घेतली, विसावा प्रयोग पाहिला, शेवटचं पान उघडलं. त्या वाकड्यातिकड्या सहीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी डोळे पुसले.

“किती कष्टानं केलीय बघ. माझ्या मुलाच्या वेळी सुद्धा असंच, ताप अंगात असताना येऊन सह्या केल्या होत्या. आता कसे आहेत?”

“आज पहाटे गेले.”

क्लार्कबाईंचा शिक्क्याकडे गेलेला हात मधेच राहिला. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग नजर खाली कागदावर आली, आणि त्यांच्यातल्या बाईच्या जागी हळूहळू कारकून आला.

“सही कधीची आहे?”

“कालची.”

“म्हणजे हयात असतानाची.”

“हो.”

“शुद्धीत होते ना?”

“पूर्ण.”

“मग चालेल.” त्यांनी शिक्का पॅडवर दाबला आणि सहीला लागणार नाही असा बेतानं बाजूला मारला. दाखला पाकिटात घातला, पाकीट टपालाच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि पावती फाडून खिडकीतून बाहेर सरकवली. “सोमवारी तिकडे हजर व्हायचं. मूळ कागद बरोबर ने.”

मागे एक मुलगी हातात फॉर्म घेऊन उभी होती. घड्याळाकडे बघून ती चुळबुळ करत होती.

“ताई, तुमचं झालं का?”

“झालं,” ती म्हणाली. पावती तिनं उचलली, पण खिडकीसमोरून हलली नाही.